एकच बर्बन, दोन चवी

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून 'ब्लँटन्स' बर्बनच्या दोन बाटल्या आणल्या, वर्षभराच्या अंतराने. पहिली गोडसर होती, दुसरी तिखट लागते. दुसरी नकली तर नसेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : निव्वळ चवीवरून तसं ठरवू नका. १९८४ पासून केंटकीत बनणारी ही 'सिंगल बॅरल' बर्बन. म्हणजे एका बाटलीत एकाच पिंपातली व्हिस्की. इतर बहुतेक बर्बनमध्ये अनेक पिंपं मिसळून चव सारखी राखतात, इथे ती सोय नाही. पिंपाचं लाकूड आणि गोदामातली जागा बदलली की चवही बदलते. दोन्ही लेबलांवरचे पिंपांचे क्रमांक ताडून पाहा, बहुधा वेगळेच निघतील.

पारख करायची तर तोंड निमुळतं असलेला ग्लास घ्या, थोडीच ओता, दहा मिनिटं थांबा. ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्या, नाहीतर नुसता अल्कोहोल झोंबतो. व्हॅनिला, कॅरामल, संत्र्याची साल असं काही सापडतं का बघा. पहिला घोट नुसता, दुसरा चार थेंब पाणी घालून. तिखटपणा बराच निवळतो. बुचावरच्या घोडेस्वाराला मात्र गुण देऊ नका! (लोक त्याच्यासाठीही पैसे मोजतात.)

उघडण्याआधीच सील फाटलेलं असेल किंवा लेबलवर पिंपाचा क्रमांकच नसेल, तर ती बाटली पिऊ नका.