तांड्यावरील विद्यार्थी व त्याची बदलती ओळख

आपल्या गेवराई तालुक्यातील शाळांच्या हजेरीपटावर राठोड, आडे, चव्हाण, पवार ही आडनावे एकाखाली एक येतात. पैकी चव्हाण वा पवार तांड्यावरचा की गावातला, हे आडनावावरून उमगत नाही. ते उमगते बोलीवरून. पहिलीतील बालक आईस ‘याडी’ व भाकरीस ‘बाटी’ म्हणते, आणि नवखा शिक्षक ती अशुद्ध मराठी समजून खोडतो. वस्तुतः ती राजस्थानी भाषांशी नाते सांगणारी, स्वतंत्र अशी गोरबोली होय.

बंजारा समाज उत्तरेकडून दक्षिणेत आला तो सैन्यास धान्य व मीठ पुरवीत. बैलांचा फिरता काफिला म्हणजेच तांडा. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, हा व्यापार बुडाला व लोक स्थिरावले. आज तोच शब्द वस्तीस लावतात. आजीचा फेटिया-कांचळी हा पोशाख आईच्या पिढीत मागे पडून साडी आली; नात शाळेच्या गणवेशात येते. बोलीत मराठी शब्द शिरले. मात्र तीज, होळीची लेंगी गीते, आणि आपला तो ‘गोर’, इतर तो ‘कोर’ हा भेद टिकून आहे. पोशाख व भाषा बदलूनही ‘आपण कोण’ ही जाणीव टिकते, ती बहुधा अशा सीमारेषेमुळेच.

या ओळखीस सरकारी दप्तरही आकार देते. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी होऊन तेथील तांडे तीन राज्यांत गेले. आज हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत व तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. त्याची बोलीही तीन लिपींत लिहिली जाते.

आपल्या मराठी माणसांचेही असेच झाले आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज घरी बहुधा क्रिओल बोलतात. मराठी ते शाळेत शिकतात. तरी गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुट्टीची आहे. घरातून सुटलेली भाषा तेथे शाळेने धरून ठेवली. आपल्याकडे शाळेत आल्यावर ती सुटते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यास्तव पहिलीच्या वर्गात भिंतीवर गोरबोली व मराठी शब्दांचा दुहेरी तक्ता लावावा. शब्द मुलांकडूनच घ्यावेत, व उच्चार तांड्यावरील एखाद्या वृद्धेस विचारून तपासावेत. तोंडी उत्तर गोरबोलीत आले तर आशय बरोबर असल्यास ते बरोबर धरावे; मराठी प्रतिशब्द मागाहून द्यावा. तक्त्याचे काम दिवाळीपूर्वीच उरकावे. पुढे ऊसतोडीस कुटुंबे निघाली की निम्मा वर्ग रिकामा होतो.