व्यंगावरील बाह्योपचार : त्रिसंयोगी मलम, एकल मलम व मुखलेप

व्यंग हा सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेला विकार होय. क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखाच्या ठिकाणी येऊन वेदनारहित, पातळ, श्याववर्ण मंडल उत्पन्न करतो. आधुनिक शास्त्रातील मेलास्मा त्याच्याशी बराच जुळतो. रोग क्षुद्र असला तरी रुग्णेस तो तसा वाटत नाही. उल्हासनगर ते बदलापूर या आपल्या पट्ट्यात ती बहुधा काहीतरी लावूनच वैद्याकडे येते. म्हणून आहारविहाराच्या आधी ‘काय लावता?’ हे विचारावे आणि ट्यूब मागवून स्वतः वाचावी.

त्या ट्यूबवर बहुतेक वेळा तीन नावे आढळतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एखादे स्टिरॉइड. हा योग क्लिगमन व विलिस यांनी 1975 मध्ये मांडला. हायड्रोक्विनोन टायरोसिनेजला रोखते, ट्रेटिनॉइन त्वचेच्या पेशींची उलाढाल वाढवते, स्टिरॉइड दाह शमविते. परिणाम शीघ्र दिसतो, यात शंका नाही. मात्र सौम्य फ्लुओसिनोलोन (0.01 टक्के) असलेला योगही सुमारे आठ आठवड्यांपुरताच अभिप्रेत आहे. आपल्याकडे त्याजागी अधिक तीव्र मोमेटासोन असलेली मलमे महिनोन्‌महिने लावली जातात.

बदलापूरच्या एका 38 वर्षीय गृहिणीने असे मलम चिठ्ठीविना घेऊन चौदा महिने लावले होते. थांबविताच चेहरा लाल, दाहयुक्त. गालांवर सूक्ष्म सिरा व लव. प्रस्तुत लेखकाने त्या त्वचेवर लगेच लोध्रयुक्त लेप दिला, आणि दाह वाढला. चूक माझीच होती. पातळ झालेली त्वचा आधी निवली पाहिजे. पुढे त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने स्टिरॉइड क्रमाने उतरविले, शतधौत घृत दिले, आणि लेप तीन महिन्यांनंतरच योजला.

एकल मलमांपैकी हायड्रोक्विनोन दीर्घकाळ लावल्यास क्वचित निळसर-काळी ऑक्रोनोसिस उद्भवते. रुग्णेस रोगच वाढला असे वाटून ती अधिक लावते. वीस टक्के अ‍ॅझेलाइक आम्ल मंदगती, प्रारंभी चुणचुणणारे, परंतु गर्भिणीस त्यातल्या त्यात निर्धोक. ट्रेटिनॉइन गर्भिणीस वर्ज्यच समजावे.

आता आपले लेप. मंजिष्ठा, लोध्र, रक्तचंदन, कुष्ठ, प्रियंगू, वटांकुर व मसूर यांचा शार्ङ्गधरोक्त व्यंगहर लेप परिचित आहेच. वर्ण्य लेपाची जाडी अर्धा अंगुळ सांगितली आहे. रुग्णा मात्र पावडरीचा हात फिरविते! लेप प्रतिलोम लावावा, वाळण्यापूर्वी काढावा, रात्री लावू नये. कुंकुमादी तैल रूक्ष त्वचेस मानवते. तेलकट, पिडकायुक्त चेहऱ्यावर आपल्या दमट हवेत ते जपूनच द्यावे. मोठ्या तुलनात्मक चाचण्या या योगांच्या थोड्याच झाल्या आहेत, तेव्हा ‘पंधरा दिवसांत डाग गायब’ असे आपण म्हणू नये. ऊन टाळल्याविना तर कोणतेच मलम टिकत नाही. दृश्य प्रकाशही व्यंग वाढवितो, म्हणून लोह ऑक्साइडयुक्त रंगीत सनस्क्रीन अधिक उपयुक्त. गैरिक म्हणजे लोह ऑक्साइडच, हे आपणांस सांगायला नकोच.

औषधविक्रेते बंधूंसाठी दोन गोष्टी. 2018 मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टिरॉइड मलमे अनुसूची ‘एच’ खाली आणली. ती चिठ्ठीवरच द्यावयाची आहेत. दुसरी अधिक गंभीर. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या वृक्कांना गोरेपणाच्या क्रीममुळे इजा झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात निदान झाले. 2023 च्या प्रारंभी हे वृत्त प्रसिद्ध झाले. क्रीममध्ये पारा सापडला होता. अशा निनावी डब्या पुष्कळदा ‘जडीबुटी’ म्हणून खपतात आणि बोल आयुर्वेदाला लागतो. निर्माता, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व बॅच यांपैकी एकही छापलेले नसेल, तर डबी फळीवर ठेवूच नये. अशी क्रीम लावणाऱ्या रुग्णेच्या पायांवर सूज अथवा मूत्रात फेस दिसल्यास त्याच दिवशी मूत्रातील प्रथिने तपासून घ्यावीत.