उन्हाळ्यात कुत्र्या-मांजरासाठी खर्च: कुठे करावा, कुठे टाळावा

एप्रिल लागला की पुण्यातल्या पेट शॉपमध्ये निळ्या जेलच्या गाद्या मांडल्या जातात. ८०० ते २,००० रुपयांची ही कूलिंग मॅट थोड्या वेळात अंगाखाली कोमट होते आणि कुत्रा उठून शहाबादी फरशीवर पसरतो. घरात गार फरशी असेल तर हे पैसे वाचवा. पिल्लाला कुरतडायची सवय असेल तर मॅट नकोच. जेल पोटात जायचं. (इथले सगळे भाव अंदाजे आहेत. पेठेत आणि कोरेगाव पार्कात एकच बिल येत नाही.)

कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना, त्यामुळे कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडून भागत नाही. ओल्या फडक्याने पोट, काखा आणि पंजे पुसा, मग पंखा लावा. ७५ वॅटचा पंखा दहा तासांत पाऊण युनिट खातो. १२ रुपये युनिट धरलं तर नऊ रुपये. तुमचा दर महावितरणच्या बिलावर बघा. दीड टनाचा एसी दुपारचे चार तास चालवला तर पाचेक युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १,८०० रुपये. गावठी कुत्र्याला सावली, वारा आणि पाणी पुरतं. पण पग, शिह त्झू, बुलडॉग किंवा पर्शियन मांजर घरात असेल तर एसीला चैन म्हणू नका. चपट्या नाकामुळे त्यांना धापा टाकूनही अंग नीट गार करता येत नाही.

उन्हाळा आला म्हणून ग्रूमरकडे नेऊन पूर्ण केस उतरवायचे, हे ८०० ते २,००० रुपये वाया. हस्की, पॉमेरेनियन यांचे दुहेरी केस उन्हाला आडही येतात. ४००-५०० रुपयांचा आतले केस काढणारा ब्रश घ्या.

फिरवणं सकाळी सातच्या आत. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही तर परत फिरा.

हात सैल सोडायचा तो तयारीवर. २०० रुपयांचा डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून तापमान घेतात. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं. १०४ च्या वर आणि धाप थांबत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. लाळ घट्ट, चाल झोकांड्या, उलटी किंवा हिरड्या लालभडक दिसल्या तर आधी नळाचं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मग गाडी काढा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. तापमान १०३ वर आलं की पाणी थांबवा. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर वाट पाहूच नका.

ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस चोळणं किंवा पाजणं माणसांपुरतं ठेवा. कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. क्रोसिन मांजराच्या जिवावर बेतते.

खासगी दवाखान्यात नुसती तपासणी ४०० ते ८०० रुपये. उष्माघातात सलाईन, रक्ततपासण्या आणि दोन दिवसांचा मुक्काम धरला तर बिल सहज वीस हजारांच्या पुढे जातं. औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात शुल्क नाममात्र असतं, पण वेळा आधी विचारून ठेवा. रात्री कुठे जायचं, तो नंबर आजच फ्रीजवर चिकटवा.

मे महिन्यात गावाला जाणार असाल तर बोर्डिंगचे रात्रीला ५०० ते १,००० पडतील. पिंजऱ्याचा फोटो सगळेच पाठवतात. तुम्ही गुरुवारबद्दल विचारा. वीजदुरुस्ती आणि पाणीबंद पुण्यात बहुतेक गुरुवारीच गाठतात. जनरेटर आणि टाकी नसेल तर दुसरीकडे बघा.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी सिमेंटचं जड भांडं १५० ते ३०० रुपयांत मिळतं. प्लॅस्टिकचं तापतं आणि कलंडतं. सावलीत, सोसायटीच्या जिन्यापासून लांब ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि सचिवांना आयता मुद्दा मिळेल.