बारावीनंतर मुलांना कुठं घालायचं आणि पैसा कुठून आणायचा?



उसाची लागण करताना आपण जमीन बघतो, पाणी बघतो, बेणं पारखून घेतो. मुलांच्या शिक्षणाचं मात्र ‘निकाल लागू दे, मग बघू’ असं चालतं. मग जुलैत धावाधाव होते. त्या वेळी उसाच्या बिलाचे पैसे संपलेले असतात, आणि फीच्या आकड्याला भिऊन पहिली माघार मुलीला घ्यावी लागते. असं होऊ नये म्हणून हा लेख.

प्रथम विद्यापीठ आणि कॉलेज कसं पारखायचं ते पाहू. इमारत आणि जाहिरात बघून भुलू नये. चार गोष्टी विचाराव्यात : कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे, अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, वसतिगृह व खाणावळीसह वर्षाचा एकूण खर्च किती, आणि प्रवेश सरकारी फेरीतून मिळतो की परस्पर. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फीच्या सवलती राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या मुलांना मिळतात. एजंटाच्या नादी लागून व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर सवलत गेलीच म्हणून समजा. खाजगी व अभिमत विद्यापीठांचीही फी भरण्याआधी नीट चौकशी करावी.

ज्यांना शेतीतच शिकायचं आहे त्यांच्यासाठी राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. कृषी, अभियांत्रिकी व औषधनिर्माण पदवीसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते, डॉक्टरकीसाठी नीट. हे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानातच नसते. साखर धंद्यातच पुढं जायचं असेल तर विज्ञानाची पदवी घेऊन मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेची वाट धरता येते.

आता पैशाचं. मुख्य योजना अशा :

1. आठवीत असताना एनएमएमएस परीक्षा. सरकारी व अनुदानित शाळेतल्या, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. यशस्वी मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

2. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी व परीक्षा फी सरकार भरतं.

3. मुलींसाठी 2024-25 पासून पूर्ण सवलत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शंभर टक्के शिक्षण फी व परीक्षा फी माफ आहे.

4. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी.

5. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती; उत्पन्न मर्यादा अडीच लाख.

हिशेब सोपा आहे. समजा, शिक्षण फी 80,000 रुपये आहे. मुलाला 40,000 भरावे लागतील, पात्र मुलीला या रकमेपैकी काहीच नाही. मात्र विकास शुल्क, खोलीभाडं आणि खाणावळ या माफीत धरू नका. तो पैसा बाजूला काढून ठेवावाच लागतो. तरीही ‘मुलीला पुढं शिकवायला परवडत नाही’ असं म्हणण्याआधी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा.

या शिष्यवृत्त्या बहुतेक ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भराव्या लागतात, आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. अर्ज अडतो तो गुणांपेक्षा कागदावर. म्हणून अकरावीतच फाईल करा : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, 7/12 व 8अ उतारा, अल्पभूधारक दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर. जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून ते प्रकरण आधी घाला. बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासबुकावर नाव एकसारखं आहे ना, हे आजच ताडून बघा. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ एवढ्या फरकानंही काम अडून बसतं.

आडसाली उसाला दीड वर्ष लागतं, तेवढाच वेळ या तयारीला द्यावा. ज्यांचं मूल यंदा दहावी-अकरावीत आहे, त्यांनी गळीत हंगामाची गडबड सुरू होण्याआधी तहसीलचा एक हेलपाटा मारून यावा, ही आमची आग्रहाची विनंती.