मटक्याचे गणित

आपल्या हिंगोली भागात कापूस पिकतो. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर पूर्वी मुंबईत आकड्यांचा जुगार चाले. ते आकडे बंद झाल्यावर १९६२ साली वरळीत मडक्यातून चिठ्ठी काढण्याचा ‘मटका’ सुरू झाला.

आकडे ० ते ९, म्हणजे एकूण १०. समजा, आकडा लागल्यास रुपयाला ९ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा. १० रुपये जातात, ९ परत येतात. म्हणजेच दर रुपयामागे सरासरी १० पैसे तोटा ठरलेलाच!

‘बरेच दिवस ७ आला नाही, आता येणारच,’ असे खेळणारा म्हणतो. पण मडक्याला स्मरणशक्ती नसते. दहा चिठ्ठ्या डब्यात घालून, काढलेली चिठ्ठी दरवेळी परत टाकून, शंभर नोंदी करा आणि स्वतःच पडताळून पाहा.