आरोग्यपाठ : उशा किती लागतात, हे विचारा



डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर भेटीला गेले असता एक काका भिंतीला टेकून बसलेले दिसले. चार वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. “ताई, आडवं झालं की दम लागतो. रात्री खोकला येतो,” ते म्हणाले. पायही सुजले होते. अशक्तपणा असेल, असे समजून मी प्रार्थना केली आणि परतले. पाचव्या दिवशी त्यांना जीपमधून रुग्णालयात न्यावे लागले. निदान झाले हार्ट फेल्युअरचे. काका वाचले, पण माझी चूक मला विसरता येत नाही. म्हणून हा पाठ.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाला गरजेइतके रक्त पुढे ढकलता येत नाही. मग फुप्फुसांत व पायांत पाणी साठते. झटक्यात मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा तयार होत नाही, उरलेल्या स्नायूवर भार येतो. म्हणून हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्यांना हा धोका अधिक. उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार व तंबाखू तो आणखी वाढवतात.

अशा व्यक्तीच्या घरी गेल्यावर एवढे विचारा :

१. झोपताना पूर्वीपेक्षा जास्त उशा लागतात का?
२. पाणी भरून आणताना नव्याने दम लागतो का?
३. सुजलेला पाय दाबल्यावर खळगा राहतो का?
४. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले का?
५. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद केल्या का?
६. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेता का? या गोळ्यांमुळे शरीरात पाणी साठते.

यांपैकी एकाचेही उत्तर “होय” आले, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. टू-डी इको तपासणीत हृदयाची ताकद कळते. बसल्या जागी दम लागत असेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी हवे. खारवलेली सुकी मासळी, लोणचे, पापड यांतले मीठही त्यातच मोजा.

काका आता रोज सकाळी वजन करतात आणि नात ते वहीत लिहिते. आपल्या मंडळीतही असे वडीलधारे असतील. या रविवारी त्यांच्याजवळ बसा. प्रार्थना अवश्य करा; पण आधी हे प्रश्न विचारा.