कानांनी मिळविलेली विद्या

ताहा हुसेन यांचा जन्म १८८९ साली इजिप्तमधील मघाघा गावाजवळच्या एका खेड्यात झाला. लहानपणी डोळे आले असता गावच्या न्हाव्याने भलताच उपचार केला आणि त्यांची दृष्टी कायमची गेली.

अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. शब्दाच्या अखेरचा स्वर व्याकरण जाणणाऱ्यालाच उमगतो. आणि कर्ता कोण, कर्म कोणते, हे तर त्या स्वरावरूनच ठरते! डोळस विद्यार्थीदेखील येथे अडखळतात. ताहांना सारा अभ्यास कानांनीच करावा लागला. लहान वयातच त्यांनी कुराण मुखोद्गत केले. व्याकरणाचे नियमही त्या काळी सुमारे १००० ओळींच्या एका पद्यातून पाठ करीत.

पुढे ते कैरोच्या अल्-अझहर या पुरातन विद्यापीठात शिकले. परंतु गुरुजनांशी निर्भयपणे वाद घालण्याचा त्यांचा स्वभाव! १९१२ साली तेथील अंतिम परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले.

तथापि, १९०८ साली निघालेल्या नव्या विद्यापीठातही त्यांचे अध्ययन चालूच होते. अबुल अला अल्-मअर्री या सुमारे १००० वर्षांपूर्वीच्या अरबी कवीवर त्यांनी प्रबंध सिद्ध केला. हा कवीही बालपणापासून अंध होता. १९१४ साली ताहांनी परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड दिले आणि त्या विद्यापीठाची पहिली डॉक्टर ही पदवी संपादन केली.